तलाव साफ होतो, जलपर्णी परत येते : नेमकं कुठे राहून जातं आणि काय करायचं

ठाण्यात आणि नवी मुंबईत तलावाकाठी राहणाऱ्यांची तक्रार सगळीकडे एकच. पोकलेन आलं, डंपर भरभरून जलपर्णी गेली, पाणी मोकळं झालं, पॅडल बोटी परत सुरू झाल्या. दोन-तीन महिने बरे जातात. मग एखाद्या कोपऱ्यात हिरवे पुंजके दिसायला लागतात आणि मार्च-एप्रिल उजाडेपर्यंत तलाव पुन्हा झाकलेला. पुन्हा अर्ज, पुन्हा निविदा, पुन्हा पोकलेन.

घोडबंदर रस्त्यालगतच्या एका तलावाच्या देखभालीत, काठावरच्या सोसायट्यांच्या वतीने, मी बरीच वर्षं लक्ष घालतो आहे. इतर तलावांवरची मंडळीही विचारतात, म्हणून सगळं एका ठिकाणी लिहून काढतो आहे. माझं ठाम मत असं की जलपर्णीशी खरं काम सफाई संपल्यावर सुरू होतं, आणि नेमकं त्याच वेळी सगळे निघून जातात. पण त्याआधी एक पायरी आहे, तीही बहुतेक ठिकाणी वगळली जाते.

आधी वनस्पती ओळखा

पाण्यावर हिरवं दिसलं की सगळे जलपर्णी म्हणून मोकळे होतात. उपाय मात्र प्रत्येक वनस्पतीचा वेगळा असतो, त्यामुळे काठावर उकिडवं बसून एक रोप हातात घेऊन बघाच.

जाडसर, चकचकीत, गोलट पानं, मध्ये फुगलेला स्पंजासारखा देठ, खाली काळपट झुपकेदार मुळं आणि फिकट जांभळी फुलं, वरच्या पाकळीवर पिवळा ठिपका : ही खरी जलपर्णी. मूळची दक्षिण अमेरिकेतली, शोभेसाठी म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस भारतात आली. कोबीच्या गड्ड्यासारखी दिसणारी, पोपटी, मखमली पानांची ती पिस्टिया. तिचं फूल इतकं बारीक की शोधावं लागतं.

तिसरी सॅल्व्हिनिया. दोन-दोन पानं जोडीने, वरच्या बाजूला पाणी झटकून टाकणारी बारीक लव. गर्दी झाली की पानं मिटल्यासारखी उभी राहतात. हे खरं तर नेचं आहे. तिला बी नाही, आणि आपल्याकडे उपद्रव करणाऱ्या जातीचे बीजाणू रुजतच नाहीत. ती फक्त तुकड्यांतून वाढते. म्हणजे तुमच्या तलावात सॅल्व्हिनिया असेल तर नशीब समजा. चिकाटीने शेवटचा तुकडा काढला तर ती गाळातून परत येत नाही. जलपर्णीच्या बाबतीत ही सोय नाही, ते पुढे येईलच.

बोटीच्या वल्ह्यात किंवा पॅडलमध्ये लांबलचक हिरव्या दोऱ्या अडकत असतील आणि पृष्ठभाग मोकळाच दिसत असेल, तर ती पाण्याखालची हायड्रिला किंवा तिच्यासारखी दुसरी एखादी. हायड्रिला आपल्याकडचीच आहे, परदेशी नाही. ती कापायच्या भानगडीत पडू नका. प्रत्येक तुकडा तरंगत जाऊन दुसरीकडे रुजतो आणि गाळात तिचे छोटे कंद असतातच. आणि पाण्यावर नुसता हिरवा रंग ओतल्यासारखं दिसत असेल, ओंजळीत धरायला पान नाही की मूळ नाही, तर ते शेवाळ. त्याला जाळं, पोकलेन, मजूर काहीच चालत नाही. तो पूर्णपणे पाण्यात मिसळणाऱ्या खताचा, म्हणजे नायट्रोजन-फॉस्फरसचा, प्रश्न आहे, तेव्हा सरळ शेवटच्या भागाकडे जा.

पाणकणीस, कुमुदिनी, कमळ यांना हात लावायचं कारण नाही. काठावरच्या या झाडोऱ्यात पाणकोंबड्या राहतात, तरंगत्या पानांवर कमळपक्षी घरटं करतो. सफाईच्या उत्साहात यांनाही उपटून काढणारे ठेकेदार मी पाहिले आहेत, म्हणून काम सुरू व्हायच्या आधी काय ठेवायचं ते बांबूला लाल फडकं बांधून दाखवून द्यावं. तोंडी सांगितलेलं पोकलेनवाल्यापर्यंत पोहोचत नाही.

परत येते ती कुठून?

याची उत्तरं चार, आणि बहुतेक तलावांत चारही एकदम लागू असतात.

पहिलं म्हणजे राहून गेलेली रोपं. पोकलेनचा हात जिथवर पोहोचतो तिथवरच काम होतं. बोटींच्या जेट्टीखाली, विसर्जन घाटाच्या पायऱ्यांच्या कपारीत, कठड्याला टेकलेल्या झाडांच्या सावलीत, नाला मिळतो त्या तोंडाशी पाच-दहा रोपं राहतातच. जलपर्णी आडव्या धावत्या फांद्या सोडते, प्रत्येक फांदीच्या टोकाला पिल्लू धरतं, पिल्लाला परत पिल्लू. आपल्या उबदार, खतावलेल्या पाण्यात रोपांची संख्या साधारण दोन आठवड्यांत दुप्पट होते. हिशेब करून बघा : ऑक्टोबरअखेर शंभर रोपं राहिली, तर दहा आठवड्यांनी 3200. तेवढी कुणाच्या डोळ्यांत भरत नाहीत. आणखी दहा आठवड्यांनी, म्हणजे मार्चच्या मध्यावर, एक लाखावर. ‘अचानक वाढली’ असं जे आपण म्हणतो ते हेच. वाढत ती सारखीच होती, दिसायला मार्चमध्ये लागली.

दुसरं बी. फूल सुकलं की दांडा वाकून पाण्यात जातो आणि बिया गाळात बसतात. तिथे त्या पंधरा-वीस वर्षं जिवंत राहू शकतात. उन्हाळ्यात पाणी खाली गेलं, काठाचा गाळ उघडा पडला, ऊन लागलं, मग वळवाचा किंवा जूनचा पहिला पाऊस झाला की त्या गाळातून बोटभर उंचीची रोपं उगवतात. ही लहानपणी जलपर्णीसारखी दिसतसुद्धा नाहीत, साध्या गवताच्या पात्यासारखी असतात. पाणी चढलं की सुटून तरंगायला लागतात. म्हणून एकदाच कायमची स्वच्छता करून देतो असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. गाळातल्या बिया संपेपर्यंत ती दर वर्षी थोडी उगवणारच. उलट बाजूने बघितलं तर फूल यायच्या आत काढत राहिलं की दर वर्षी गाळातला साठा कमी होतो.

तिसरं आपलं आपणच टाकलेलं. टेरेसवरच्या टबात, गॅलरीतल्या पाणकुंडीत जलपर्णी आणि पिस्टिया हौसेने लावतात. नर्सरीत सहज मिळतात. वाढ आवरेनाशी झाली की पिशवी तलावात रिकामी होते. फिशटँकमधल्या वनस्पतींचंही तेच. काठावरच्या फलकावर ‘पोहू नये’ लिहिलेलं असतं तिथेच ही एक ओळ लिहून घ्या, चित्रासह.

आणि चौथं, सगळ्यात मोठं, पाण्यातलं खत. याची परीक्षा रोपच करून देतं. एक रोप मुळासकट उचला. मुळं हातभर लांब आणि पानं बुटकी असतील तर पाणी तुलनेने स्वच्छ आहे, रोपाला अन्न शोधावं लागतंय. मुळं आखूड, वितीएवढीही नाहीत, आणि पानं गुडघ्याएवढी उंच, गडद हिरवी असतील तर पाण्यात नायट्रोजन-फॉस्फरस भरपूर आहे. त्याचा अर्थ बहुतेक वेळा एकच : कुठून तरी सांडपाणी येतं आहे. आमच्याकडे नाल्याच्या तोंडाशी उचललेलं रोप आणि समोरच्या काठावरचं रोप शेजारी ठेवलं तर एकाच जातीचं आहे हे सांगावं लागतं, इतका फरक.

एक जाता जाता. खाडीच्या खाऱ्या पाण्यात जलपर्णी टिकत नाही. उल्हास नदीतून वाहत आलेले पुंजके खाडीत उतरल्यावर करपतात. त्यामुळे नवी मुंबईतल्या, भरतीचं पाणी शिरणाऱ्या धारण तलावांचा (भरतीच्या वेळी पावसाचं पाणी साठवून ठेवायला बांधलेल्या) प्रश्न वेगळा, तो गाळाचा आणि खारफुटीचा. गावठाणांतल्या गोड्या पाण्याच्या तलावांना मात्र इथलं सगळं लागू आहे. यावरून ‘मग तलावात मीठच टाकूया’ असं सुचवणारे भेटतात. जलपर्णी मरेल एवढं मीठ टाकलं तर मासे, कमळ, काठावरची झाडं सगळंच जाईल. नको.

सफाई कधी आणि कशी

सर्वांत स्वस्त सफाई पावसाळा संपता संपता होते. पावसात बराचसा थर सांडव्यावरून वाहून गेलेला असतो, राहिलेली रोपं मोजकी असतात, आणि ऑक्टोबरच्या उन्हात त्यांनी जोर धरायच्या आत हाताने निघतात. पण कामाचा आदेश निघतो तक्रारी आल्यावर, म्हणजे एप्रिल-मेमध्ये, जेव्हा काम सगळ्यात महाग असतं. दाट थराच्या एका हेक्टरमध्ये दोनशे-तीनशे टन ओलं वजन सहज भरतं आणि त्यात नव्वद टक्क्यांहून अधिक निव्वळ पाणी असतं. ते पाणी डंपरमधून वाहून नेण्याचे पैसे आपण देतो. म्हणून प्रभाग समितीकडे (नवी मुंबईत विभाग कार्यालयाकडे) अर्ज द्यायचा तो ऑगस्टमध्ये, आणि त्यात सप्टेंबरअखेरचं काम मागायचं. ऐन जून ते ऑगस्टमध्ये मात्र पूर्ण उपसा नको, तो पक्ष्यांच्या घरट्यांचा काळ.

वाऱ्याचा उपयोग करा. पावसाळा सोडला तर आपल्याकडे दुपारनंतर समुद्रावरून वारा येतो, साधारण पश्चिमेकडून. सुटी रोपं संध्याकाळपर्यंत पूर्वेच्या काठाला जमा होतात. येऊरच्या पायथ्याशी डोंगरामुळे वारा थोडा वळतो, तेव्हा आपल्या तलावावर दोन-चार संध्याकाळी बघून ठेवा. माणसं आणि दाताळी त्या काठावर उभी केली की वारा अर्धं काम करून देतो. सकाळी आठला तलावभर विखुरलेल्या रोपांमागे तराफा फिरवण्यात दिवस जातो.

काढलेला ढीग कुठे टाकायचा हा प्रश्न किरकोळ समजू नका. काठावर पाण्याच्या उतारावर टाकला की दोन गोष्टी होतात : ढिगाच्या कडेची रोपं घसरून पाण्यात परत जातात, आणि बाकीचा ढीग कुजून त्यातलं सगळं खत पहिल्या पावसात तलावातच उतरतं. ढीग काठाच्या पलीकडच्या उतारावर हवा. दोन-तीन दिवस उन्हात पसरून वजन उतरू द्या, मग उचला. कंपोस्ट चांगलं होतं, शेणाबरोबर किंवा सुक्या पाल्याबरोबर थर लावून. फुलं-बिया आलेली रोपं असतील तर ढीग आतून चांगला तापला पाहिजे. पण वागळे इस्टेट किंवा नवी मुंबईतल्या टीटीसी पट्ट्यातल्या कारखान्यांचं पाणी मिळणारा तलाव असेल तर ते खत भाजीला वापरू नका. जलपर्णी पाण्यातले जड धातू शोषून घेते, ते खतात राहतात. बागेतल्या शोभेच्या झाडांना चालेल.

श्रमदान करायचं तर गमबूट, रबरी हातमोजे, आणि पाण्यात उतरणाऱ्याला लाइफ जॅकेट सक्तीचं. थराखाली खोली कळत नाही, फुटक्या काचा आणि मूर्तींच्या लोखंडी सळ्या असतात, पाणदिवड तर असतेच. पायाला जखम असलेल्याने उतरू नये. पावसाळ्यात लेप्टोची (उंदरांच्या मुतातून पाण्यात पसरणाऱ्या तापाची) भीती खरी आहे. परवानगी लेखी घ्या. मुलांना काठावरच ठेवा, उपसलेलं वेगळं करायला त्यांचे हात पुष्कळ.

सफाईनंतरची राखण

इथे बहुतेक तलाव हरतात, म्हणून थोडं सविस्तर.

नाल्याच्या तोंडाशी तरंगता अडथळा हवाच. महागडा लागत नाही. चार इंची पीव्हीसी पाइपचे दहा-दहा फुटांचे तुकडे घ्या, दोन्ही टोकांना एंड कॅप सोल्यूशन लावून पक्क्या बसवा, रात्रभर सुकू द्या, मग बादलीत टोक बुडवून बुडबुडे येतात का बघा. एका कॅपमधून जरी पाणी शिरलं तरी आठवड्यात तो तुकडा बुडतो आणि सगळी माळ तिथे वाकते. तुकडे नायलॉनच्या दोरीने ओवायचे, मधे वीतभर मोकळीक ठेवायची, म्हणजे लाटेबरोबर हलतात. खाली दीड फुटाची जुनी मासेमारीची जाळी झालरीसारखी बांधायची आणि जाळीच्या खालच्या काठाला शिशाच्या गोळ्या, त्या जाळीबरोबरच मिळतात. झालर नसेल तर रोपं पाइपखालून सरकतात. दोन्ही टोकं काठावर घट्ट पण उंची बदलता येईल अशी, कारण जून ते सप्टेंबरात पाणी बरंच चढतं. अडथळा नाल्याच्या तोंडावर सरळ आडवा न लावता थोडा तिरका लावा. रोपं आणि निर्माल्याच्या पिशव्या एका बाजूला सरकून गोळा होतात आणि तिथून उचलणं सोपं जातं. आणि रोज उचलायच्या. भरलेला अडथळा पहिल्या जोराच्या सरीत तुटतो.

दुसरी गोष्ट माणसांची. तलावावर रोज असणारी माणसं म्हणजे बोटी चालवणारी मुलं, सुरक्षा रक्षक आणि सकाळी चालायला येणारे आपण. बोट क्लबच्या ठेक्यात एक अट घालून घ्या : रोज सकाळी बोटी सोडायच्या आधी अर्धा तास एक बोट काठाकाठाने फिरेल आणि दिसेल ते रोप लांब दांड्याच्या जाळीने उचलेल. बोटींच्या तळाला अडकलेले तुकडेही तेव्हाच निघतात. सफाईनंतर तीन महिने हे नेमाने झालं तर पुढे आठवड्यातून दोनदा पुरतं. पोकलेनच्या एका दिवसाच्या भाड्यात एका माणसाचा बराच मोठा काळ पगार निघतो, हा हिशेब सभेत मांडला की लोक ऐकतात.

निविदेचा मसुदा पाहायला मिळत असेल तर पैसे ‘काढलेल्या टनावर’ आहेत का ते बघा. टनावर पैसे असले की ठेकेदाराचा फायदा भरलेल्या तलावात आहे. ‘वर्षभर पृष्ठभाग मोकळा ठेवणे’ असं काम असलं आणि दर महिन्याच्या पाहणीनंतर हप्ता असला की त्याचा आणि आपला फायदा एकाच बाजूला येतो.

औषध, भुंगेरे, मासे, कारंजी

तणनाशक फवारून दोन दिवसांत मोकळं करून देतो, असं सांगणारे येतात. मी स्पष्ट विरोधात आहे. एकदम मेलेला थर तिथेच बुडतो, कुजताना पाण्यातला ऑक्सिजन संपवतो आणि मासे पोट वर करून तरंगतात. कुजलेल्यातलं खत पाण्यातच राहतं, त्यावर पुढची पिढी वाढते. शिवाय ऑक्टोबर 2022 च्या केंद्राच्या अधिसूचनेनुसार ग्लायफोसेट हे तणनाशक परवानाधारक कीड नियंत्रकांशिवाय कुणी वापरू नये. लोक जिथे बोटीत बसतात, मुलं पाण्यात हात घालतात, तिथे हा विषयच नको.

जलपर्णी खाणारे निओचेटिना भुंगेरे मात्र खरे उपयोगाचे आहेत. 1980 च्या दशकात ते भारतात सोडले गेले, मणिपूरच्या लोकटाक सरोवरात त्यांचा चांगला परिणाम दिसला, आणि जबलपूरच्या तण संशोधन संचालनालयाने यावर बरंच काम केलं आहे. पानांवर बारीक चौकोनी ओरखडे दिसले तर ते आधीपासून तुमच्या तलावात असतील. पण त्यांना जम बसायला दोन-चार वर्षं लागतात, आणि आपण मधेच पोकलेनने थर उचलला की भुंगेरेही डंपरमध्ये जातात. शहरातल्या छोट्या, बोटींच्या तलावाला ही वाट क्वचितच जमते. मोठा, शहराबाहेरचा तलाव असेल तर जरूर विचारा.

गवत्या मासा पाण्याखालच्या हायड्रिलावर चालतो, जलपर्णीला तो फारसं तोंड लावत नाही. कारंजी आणि एरेटर ऑक्सिजनसाठी चांगले, माशांना त्याचा आधार होतो; जलपर्णी त्याने कमी होत नाही. बायोकल्चरच्या पुड्यांचंही तेच. डासांसाठी गप्पी मासे सोडले तरी थर काढावाच लागतो, कारण मॅन्सोनिया जातीच्या डासाच्या अळ्या पिस्टिया-जलपर्णीच्या मुळांना चिकटून तिथूनच हवा घेतात, वर येतच नाहीत.

शेवटी पाणी

वरचं सगळं करूनही दुसऱ्या वर्षी तेवढीच जलपर्णी आली तर नाल्याकडे चला. परीक्षा सोपी आहे. फेब्रुवारी ते मे या काळात तलावात उतरणारं पावसाळी गटार वाहत असेल तर ते पावसाचं पाणी नव्हे. सकाळी सात ते नऊ बघा. राखाडी पाणी आणि साबणाचा फेस या वेळात वाढत असेल तर घरगुती जोडणी आहे. नाल्याच्या काठाने वर चालत जा, प्रत्येक चेंबरपाशी थांबा, फोटो काढा, वेळ लिहा.

कधी कधी वर मोठं संकुल असतं आणि ते सांगतात, आमचा एसटीपी (सांडपाणी शुद्धीकरण प्रकल्प) चालू आहे, शुद्ध केलेलं पाणी सोडतो. ते खरंही असू शकतं. पण नेहमीचा एसटीपी घाण आणि वास काढतो, फॉस्फरस बराचसा तसाच राहतो. जलपर्णीला तेवढा पुरतो. ते पाणी बागेला, फ्लशला वळवणं हा त्यावरचा रास्त उपाय आहे. भांडण करण्याआधी तशी मागणी करून बघा, पाण्याच्या टँकरचे दर पाहता संकुलांनाही ते परवडतं.

खत आपल्या हातूनही जातं. माशांना टाकलेले पाव आणि पिठाचे गोळे, निर्माल्य, काठावर धुतलेल्या गाड्या. गणपतीसाठी ठाण्यात कृत्रिम तलाव होतात, नवी मुंबईत तलावाचा भाग गॅबियन (जाळीत दगड भरून केलेल्या) भिंतीने वेगळा केला आहे, त्याने तलावांवरचा भार खरोखर कमी झाला. वर्षभराच्या निर्माल्याला तशीच सोय हवी, कलश भरला की रोज उचलणारं कुणीतरी हवं.

अधिकाऱ्यांसमोर बोलायला आकडे लागतात. उन्हाळ्यात, कोरड्या दिवशी, सकाळी आठच्या सुमाराला दोन नमुने घ्या : एक नाल्याच्या तोंडाचा, एक तलावाच्या मध्यावरचा, बोटीतून. प्रयोगशाळेकडूनच बाटल्या आणा, बर्फाच्या डब्यात ठेवा, त्याच दिवशी पोहोचवा. तपासणीत फक्त बीओडी (पाण्यातल्या कुजणाऱ्या घाणीचं माप) मागू नका. एकूण फॉस्फरस, एकूण नायट्रोजन आणि अमोनिया हे तीन लिहून मागा. हाच जोड नमुना पावसाळ्यानंतर पुन्हा घ्या. नाल्याचा आकडा तलावापेक्षा कितीतरी वर असेल तर अर्जाच्या पहिल्या ओळीत तो घाला, नाल्यावरच्या चेंबरचे फोटो जोडा, आणि प्रभाग समितीबरोबरच महापालिकेच्या प्रदूषण नियंत्रण विभागाला आणि मलनिस्सारण विभागाला एकाच तारखेचा अर्ज द्या. आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका.